साण्यावरची काच

१

मेलेल्या माणसाचे गाल इतके लाल कसे, असा प्रश्न त्या सकाळी बोरवंडात कुणालाच पडला नाही. पडणार तरी कसा? माणसं आधी दार उघडायच्या गडबडीत होती, मग रडायच्या, आणि रडून होतं न होतं तोच एकमेकांवर बोटं रोखायच्या. गावाचं असंच असतं. मढं उचलायच्या आधी आरोपी ठरलेला असतो.

सूर्यभान आबा कोंबड्याच्या आधी उठणारा माणूस. ऊन ओसरीवर आलं तरी माजघराचं दार उघडेना, तेव्हा मुलानं, मच्छिंद्रनं, हाका मारल्या. मग धक्के मारले. शेवटी शेजारच्यांनी पहार घालून आतली कडी तोडली. आबा खाटेवर कुशीवर झोपलेले, अंगावर घोंगडी. पायाशी घरातलं मांजर वेटोळं करून पडलेलं. कोपऱ्यात शेगडी, तिच्यात पांढरी राख. कुठं रक्त नाही, झटापट नाही, ओकारी नाही. आबाही गार आणि मांजरही गार.

जामखेडहून फौजदार सहादेव गर्जे आला तो दुपार कलल्यावर. पौषातली थंडी होती, आणि साल दुष्काळाचं. त्या सालात सहादेवनं काय काय पाहिलं नव्हतं! खडी फोडता फोडता कलंडलेल्या बाया, छावणीच्या वाटेवर बसकण मारलेले बैल, कोरड्या विहिरीत टाकलेल्या उड्या. पंचनामे लिहून लिहून त्याच्या आत काही हलायचं बंद झालं होतं. भाकरीला चव लागत नव्हती. बायको म्हणायची, "अहो, हसा नाहीतर रडा, पण काहीतरी करा." त्याला दोन्ही येत नव्हतं.

तो खाटेजवळ वाकला. म्हाताऱ्याचे गाल आणि ओठ लालबुंद होते, जणू आत्ताच चुलीपुढून उठून आलाय. सहादेवनं ते पाहिलं आणि मनात कुठंतरी ठेवून दिलं.

"सायेब, लिहून घ्या," मागून आवाज आला. आबांचा धाकटा भाऊ काकासाहेब धोतराचा सोगा धरून उभा होता. डोळे सुजलेले, पण आवाज खणखणीत. "माझ्या भावाला त्याच्याच पोरानं मारलं. घरापायी मारलं."

२

तिसऱ्या दिवशी सावडणं झालं, आणि त्याच दिवशी सहादेव बेड्या घेऊन परत आला. जामखेडच्या डॉक्टरांना विषाची खूण सापडली नव्हती. पण पोटातलं पुण्याला तपासायला गेलं होतं, आणि पुण्याहून उत्तर यायचं म्हणजे आषाढ उजाडणार. तोवर काकासाहेबांनी वरपर्यंत ओळख लावली होती. वरून हुकूम आला, पोराला आज संध्याकाळी आत घ्या. एकदा आत गेला की मग कोण विचारतो? बाप मारणारा म्हणून जन्मभर शिक्का.

सहादेवनं हवालदार कानिफनाथला जीपपाशी थांबवलं आणि काकासाहेबांना ओसरीवर बसवून घेतलं.

"बोला. घरापायी म्हणजे काय?"

"म्हंजे काय सांगू सायेब! हे मातीचं घर, वर माळवद. मी म्हनलं, पाडून टाकू, शिमिटाचा स्लॅब ठोकू, लोक बघत राहतील. दादाबी तयार हुता. आन हा आला मुंबईहून नकाशे शिकून. म्हनतो, न्हाई पाडायचं, सुधारायचं! दगडी भिती ऱ्हाऊ द्या, सागाचे खांब ऱ्हाऊ द्या, फकस्त उजेड आनि हवा आनतो. अरं, उजेड खायचा हाय का? दादाचं नि ह्याचं रोज वाजायचं. त्या सांजंलाबी वाजलं, सगळ्या आळीनं ऐकलं. मंग ह्यानंच त्याला दूध दिलं. सकाळी दादा मेला. आता तुमीच बेरीज करा."

"भाऊ मेला तर घर कुणाचं?"

काकासाहेब उसळले. "माझं निम्मं हाय! पन भाऊ माझा सगळा हुता!" आणि ते खरंच रडायला लागले. सहादेव बघत राहिला. रडणं खरं होतं. पण खरं रडणाऱ्यांनाही त्यानं हातकड्या घातल्या होत्या.

मच्छिंद्र माजघराच्या उंबऱ्यावर बसला होता. शहरी पँट, डोक्याचा ताजा चकोट. प्रश्न विचारला की उत्तर द्यायचा, नाही विचारला की गप्प.

"भांडण कशावरून?"

"खिडक्यांवरून. या भिंतींना एकही खिडकी नाही, साहेब. दोन हात जाडीची भिंत. मला दोन खिडक्या काढायच्या होत्या. आबा म्हणत होते, दुष्काळ सरू दे, मग फोड. छगन गवंडीही काम सोडून रस्त्याच्या कामावर गेला."

"दूध तुम्हीच दिलंत?"

"रोज मीच देतो. आबांना दमा होता. निम्मं ते प्यायचे, निम्मं मांजर."

मांजर! दूध दोघांनी प्यायलं असेल तर दोघं मरणारच; काकासाहेबांची बेरीज जमत होती.

"राहिलेलं दूध?"

"पातेल्यात होतं. सकाळी मी त्याचाच चहा करून प्यायलो. आबा उठायची वाट बघत."

म्हणजे दुधात काही नव्हतं, किंवा हा पोरगा धडधडीत खोटं बोलत होता. नाहीतर तिसरंच काही असायला पाहिजे.

छगन गवंडी रस्त्याच्या कामावरून धुळीनं माखलेला आला. आबा गेले त्याच्या आदल्या दुपारी तो थापी-ओळंबा न्यायला या घरी येऊन गेला होता.

"कुठं कुठं गेलास?"

"वसरीवरच, सायेब. आवजारं घेतली नि गेलो. आबांनी पानी इचारलं, मी न्हाई घेतलं. कुनाच्या घरी पानी प्यायचे दिवस हायेत का हे?" जाता जाता तो म्हणाला, "एक सांगू? रंगुबाई तवा माळवदावरून शिडीनं खाली येत हुत्या. गावाला जायाची घाई हुती त्यांची. मी शिडी धरली. येवढंच."

३

रंगुबाई आबांची बायको. लेकीच्या मुलाचं बारसं म्हणून ती त्याच दुपारी एस.टी.नं घोडेगावला गेली होती, आणि बारशाच्या घरातूनच तिला परत बोलावून आणावं लागलं. आल्यापासून ती रडली नव्हती. बायकांनी गळ्यात पडून हंबरडे फोडले, हिनं फक्त त्यांच्या पाठीवर हात ठेवला. आळीत कुजबुज सुरू झालीच होती. रडली तर नाटकी, न रडली तर पाषाण. बाईमाणसानं करावं तरी काय!

सहादेवला मात्र तिच्याजवळ बसणं जड गेलं नाही. दोघंही सारखेच बधिर होते.

सुतकाच्या घरात चूल पेटत नाही, पण शेजारणीनं चहा आणून दिला होता. रंगुबाईनं तो कपात ओतून त्याच्यापुढं सारला. तिच्या उजव्या हाताचं मधलं बोट तळव्याकडं आखडलेलं होतं.

"विळा लागला हुता," त्याची नजर बघून ती म्हणाली. "लग्नाच्या सालीच. ज्वारी सोंगताना."

"मावशी, आबा माजघरात शेगडी घेऊन किती दिवस झोपत होते?"

"थंडी पडल्यापासनं. दमा ना. लोनारी कोळसं टाकायचं नि दार लावून घ्यायचं."

"दाराला फटी?"

"जुन्या दाराला लई हुत्या. मच्छूनं चौकट जुनीच ठिवली, पन फळ्या नव्या केल्या. आता वारं म्हनून येत न्हाई. हेंना लई बरं वाटलं."

"भीती नाही वाटली? कोळशाचा धूर कोंडला तर?"

तिनं त्याच्याकडं असं पाहिलं, जणू खुळाच आहे हा. "कोंडंल कसा? वर सानं हाय की."

सहादेव उठून माजघरात गेला. रंगुबाई मागोमाग आली. धाब्याच्या घराला खिडकी नसते. छताला मधोमध एक भोक असतं, त्याला साणं म्हणतात. धूर तिथनं जातो आणि उजेड तिथनं येतो. पाऊस आला तर वर घमेलं पालथं घालायचं. या गावांत जन्मलेलं पोर रांगायच्या आधी वर बघायला शिकतं. उजेड दिसला, साणं उघडं. अंधार झाला, साणं झाकलेलं. इतका सोपा हिशेब, पिढ्यान् पिढ्या कधी चुकला नव्हता.

सहादेवनं वर पाहिलं. साण्यातून उन्हाचा स्वच्छ चौकोन खाली खाटेवर पडला होता.

"म्हैना झाला, काच बसवलीया मच्छूनं," रंगुबाई म्हणाली. "पावसाळ्यातबी उजेड ऱ्हाईल म्हनला. हेंना आवडली. निजल्या निजल्या चांदन्या बघायचे."

चुलीमागच्या भिंतीवर तिच्या हातचं लिंपण होतं, अर्धगोल फेऱ्यांचं, जुनं पण नेटकं. प्रत्येक फेऱ्यात एक रेघ, मग सुटलेली जागा, मग दोन रेघा. आखडलेलं बोट भिंतीला टेकत नव्हतं, त्याची जागा तेवढी कोरी राहिली होती. सहादेवनं ते पाहिलं आणि विसरूनही गेला, कारण त्याच्या डोक्यात एकच गोष्ट घोळत होती. महिनाभर तीच शेगडी, तेच दार, तीच काच, आणि म्हातारा रोज सकाळी जिवंत उठत होता. मग त्या एका रात्री काय बदललं?

आणि ते लाल गाल. मागं चुनाभट्टीच्या आडोशाला एक मजूर झोपेतच गेला होता. त्याचेही गाल असेच होते.

त्यानं ओसरीवर येऊन मच्छिंद्रला गाठलं. "काचेनं साणं बंद झालं. हवेचं काय केलं होतंत तुम्ही?"

मच्छिंद्रनं पहिल्यांदाच मान वर केली. "बंद कसं होईल? काच मी विटांच्या तुकड्यांवर उचलून बसवलीय. चारी बाजूंनी बोट जाईल एवढी फट ठेवलीय. तेवढ्यासाठीच तर..." आणि त्याची नजर छताकडं गेली.

"वर जाऊन पाहिलंत का?"

"नाही."

"चला."

"साहेब, जरा थांबा," मच्छिंद्र म्हणाला, आणि खांबाला धरून उठला.

४

सहादेवनं वर जायच्या आधी एक काम करून घेतलं. माजघरात शेगडी पेटवली, तिच्यावर मूठभर ऊद टाकला आणि कानिफनाथला सांगितलं, दार बाहेरून ओढून धर. कडी तुटली होती, पण दाराला काही झालं नव्हतं. नव्या फळ्या चौकटीत अशा बसल्या की धुराचा धागासुद्धा बाहेर आला नाही. पोरगा काम शिकून आला होता, यात शंका नव्हती.

अंगणात काकासाहेब, छगन आणि आळीतली माणसं माना वर करून उभी राहिली. रंगुबाई तुळशीच्या कट्ट्यावर टेकली.

दोघं शिडीनं माळवदावर चढले. वर पांढऱ्या मातीचा थर, उन्हानं तडकलेला. काचेखाली धूर गच्च भरला होता, दुधासारखा. पण बाहेर? बाहेर काही नाही. ना वास, ना धूर.

फट नव्हतीच. काचेच्या चारी अंगांना पांढऱ्या मातीचा लिंपा होता, काठापर्यंत घट्ट दाबलेला. बाकीची माती जुनी आणि फुटलेली, आणि हा लिंपा ताजा, गुळगुळीत. खालून बघणाऱ्याला यातलं काही दिसलं नसतं. छताची जाडी मध्ये येत होती, खाली फक्त उजेड पोचत होता.

सहादेव गुडघ्यावर बसला. प्यायला टँकरची वाट बघणाऱ्या गावात माती कालवायला पाणी कुणी घालवलं असेल? छगननं? छगन थापी चालवतो, थापीची रेघ सरळ येते. ही माती हातानं लिंपलेली होती. अर्धगोल फेरे. एक रेघ, मग सुटलेली जागा, मग दोन रेघा.

तो मच्छिंद्रकडं वळला. मच्छिंद्र ते आधीच वाचून बसला होता. त्या भिंतीखाली तो लहानाचा मोठा झालेला. त्याला कुणी सांगायची गरज नव्हती.

"साहेब," तो अगदी हळू म्हणाला, "खाली सांगू नका."

"मग मला तुम्हाला न्यावं लागेल."

"न्या."

"फाशीपर्यंत जाऊ शकतं."

"आईला कळलं तर ती आजच मरेल. मला न्या तुम्ही."

खालून काकासाहेब ओरडले, "काय गावलं, सायेब?"

सहादेवला काय वाटायला हवं होतं कोण जाणे, पण त्याला काहीच वाटलं नाही. त्यानं सवयीनं काम केलं. खिशातली किल्ली काढली आणि लिंप्याचा एक कोपरा खरवडला. मातीचा खपला निघाला, आणि आत कोंडलेला धूर त्या भोकातून सुसाट वर आला. अंगणातल्या सगळ्यांनी तो पाहिला. माना तशाच वर राहिल्या.

५

"बुजवलं कुनी?" दोघं खाली उतरले तसे काकासाहेब अंगावर आले. "आं? काच ह्याची, दार ह्याचं! म्हनलं नव्हतं मी? बापाला घुसमटून मारलं ह्यानं!"

सहादेव म्हणाला, "काकासाहेब, विष नव्हतं. मांजराला काय घरात वाटा हवा होता म्हणून ते मेलं? खोलीतली हवाच मेली. कोळशाची वाफ कोंडली की माणसाला झोप लागते, आणि ती झोप उतरत नाही. साण्यातून उजेड दिसला म्हणून आबांनी साणं उघडं धरलं. काचेनं उजेड येतो, हवा येत नाही. हवेसाठी ठेवलेली फट कुणीतरी बुजवली होती."

"त्येच तर इचारतोय, कुनी?"

"मी," मच्छिंद्र म्हणाला.

सगळी आळी त्याच्याकडं बघायला लागली.

"मीच बुजवली. पाऊस आत येईल म्हणून. नंतर लक्षात राहिलं नाही. साहेब, लिहून घ्या."

कानिफनाथनं बेड्या काढल्या. मच्छिंद्रनं दोन्ही हात पुढं केले, इतक्या पटकन की जणू तो त्याचीच वाट बघत होता. सहादेवला वाटलं, बोललो तर बाई मेली, न बोललो तर पोरगा गेला. असा पंचनामा त्यानं कधी लिहिला नव्हता.

"पौषात पाऊस?" रंगुबाई तुळशीच्या कट्ट्यावरनं म्हणाली.

ती उठली. सावकाश चालत आली आणि मच्छिंद्रचे पुढं केलेले हात तिनं आपल्या हातांत घेऊन उलटेपालटे करून पाहिले.

"ह्या हातांना माती कालवाया येती व्हय? लहानपनी कालवली तर अंगाला खाज सुटायची त्याच्या." मग ती सहादेवकडं वळली. आवाज सपाट, दळण आणायला सांगावं तसा. "मी बुजवली, सायेब. रस्त्याच्या कामाची धूळ उडती ना सारखी, त्या फटीतनं हेंच्या अंगावर पडायची. रात्रभर खोकायचे. मी हुते तवर झाडून काडायची. मी गावाला जानार, मंग झाडनार कोन? भांड्यांचं पानी साठवलं हुतं, त्यात माती कालवली. आमच्यात माळवदाला भेग दिसली की बाईचा हात ऱ्हातच न्हाई. माझ्या सासूनं हेच शिकवलं. भेग ठिवली तर घर पडतं."

"आई, गप्प बस!" मच्छिंद्र ओरडला.

"तू सांगितलं नव्हतंस रं, की ती भेग न्हाई."

मच्छिंद्रनं सगळा नकाशा बापाला समजावून सांगितला होता, काकाला सांगितला होता, छगनला सांगितला होता. माळवदावर दरसाल माती घालणाऱ्या बाईला सांगायचं त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं.

काकासाहेब मटकन खाली बसले. "वहिनी," ते म्हणाले, "माझ्या तोंडाला कीड पडू दे." आणि त्यांनी स्वतःच्याच थोबाडीत मारून घेतली. कुणी त्यांना अडवलं नाही.

"मला न्या," रंगुबाई सहादेवला म्हणाली.

"नाही मावशी. हा गुन्हा नाही. अपघात आहे. मी तसंच लिहिणार, आणि वर कुणाला काय वाटायचं ते वाटो."

"गुन्हा न्हाई?"

"नाही."

"मानूस तर मेला."

कायद्याच्या पुस्तकात याचं उत्तर नसतं. सहादेवनं कानिफनाथला खूण केली, बेड्या परत जीपमध्ये गेल्या. माणसं एकेक करून निघून गेली. आज कुजबुजसुद्धा झाली नाही.

मच्छिंद्र आईजवळ येऊन बसला. तिनं विचारलं, "त्या राती दार लावताना काय म्हनले रे?"

"काही नाही."

"मच्छू. खरं सांग."

मच्छिंद्रनं सहादेवकडं पाहिलं, जणू परवानगी मागावी. सहादेवनं मान खाली घातली.

"म्हणाले, आज वरनं धूळ पडंना. किती दिवसांनी छाती हलकी वाटतीया." त्यानं आईचा हात हातात घेतला. "म्हणाले, तुझी आई असती तर तिलाबी नीट झोप लागली असती."

रंगुबाईनं ते ऐकून घेतलं. पदर सारखा केला.

"म्हंजे बरं वाटलं त्यास्नी," ती म्हणाली, आणि मग तिला रडू फुटलं. तीन दिवसांचं रडणं होतं ते. मच्छिंद्रनं तिला धरलं, काकासाहेब ओसरीवरनं धावत आले, आणि सहादेव गर्जे फौजदार डोळे पुसत जीपकडं चालू लागला.